भास्कराचार्यांचीं वानरें आणि मोशीचा हमरस्ता

आम्हां मोशीकरांस पुणें-नाशिक हमरस्ता ओलांडल्यावांचून दिवस काढणें कठीण. बाजारास जावयाचें असो वा मुलांस शाळेंत पोंचवावयाचें असो, भोसरीकडून चाकणकडे धांवणाऱ्या वाहनांच्या रांगेपुढें क्षणभर जीव मुठींत धरून उभें राहावें लागतेंच. गेल्या महिन्यांत रात्रीच्या पंगतीस याच रस्त्याचा विषय निघाला. घरांतील बायकांनी पुतण्याच्या वेगाविषयीं तक्रार केली, तेव्हां तो हंसून म्हणाला, "काका, चाळीसाच्या जागीं साठानें गेलों तर वेग दीडपट झाला. थांबावयास जागाहि दीडपट लागेल. त्यांत एवढें काय?"

हिशेब ऐकावयास सरळ, परंतु खोटा. असले त्रैराशिकाचे मोह आम्ही जन्मभर फळ्यावरून पुसत आलों. घरांतच एक उरला होता!

वाहन थांबण्यास लागणाऱ्या अंतराचे दोन भाग असतात. संकट दिसल्यापासून पाय ब्रेकवर दाबला जाईपर्यंत सावध माणसाचाहि सुमारें एक सेकंद जातो, आणि तेवढ्या वेळांत वाहन पूर्ण वेगानें पुढें जातच असतें. हा भाग मात्र वेगाच्या सरळ प्रमाणांत वाढतो. पुतण्याचें त्रैराशिक येथपर्यंतच खरें. दुसरा भाग ब्रेक लागल्यानंतरचा. धांवत्या वाहनांत सांठलेली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत असते, आणि रस्त्याचें घर्षण दर मीटरास जवळजवळ सारखीच ऊर्जा खातें. म्हणून वेग दुप्पट झाला कीं हें अंतर चौपट होतें. रस्ता कोरडा व चांगला असेल तर मोटारीस ताशीं ३० किलोमीटर वेगास सुमारें ५ मीटर, ६० ला २० मीटर आणि ९० ला ४५ मीटर लागतात. वेगाच्या आंकड्याचा वर्ग करून १८० नें भागलें कीं हें अंतर येतें. सेकंदभराचें अंतर हवें असल्यास वेगास ३.६ नें भागावें. दोन्ही मिळवून पाहतां ४० ला बरोबर २० मीटर येतात, ६० ला सुमारें ३७, आणि ८० ला ५८. दीडपट वेगास जवळजवळ दुप्पट जागा लागली.

आतां हाच प्रश्न उलटा विचारूं. २० मीटरांवर एखादें मूल रस्त्यांत आलें, तर अधिकांत अधिक कोणत्या वेगाची मोटार त्याच्या अलीकडे थांबेल? वेगास य म्हटलें आणि सर्वांस १८० नें गुणिलें, तर य चा वर्ग अधिक ५० य बरोबर ३६०० असें वर्गसमीकरण मिळतें. तें सोडविण्याची युक्ति श्रीधराचार्यांची. त्यांचा बीजगणितावरील ग्रंथ नष्ट झाला. परंतु भास्कराचार्यांनी त्यांतील सूत्र आपल्या बीजगणितांत उतरून घेतलें, म्हणून तें आपल्या हातीं आलें. दोन्ही बाजूंस चारानें गुणावें, मग ५० चा वर्ग मिळवावा. म्हणजे डावीकडे २य अधिक ५० यांचा वर्ग होतो व उजवीकडे १६९००. त्याचें मूळ १३०. म्हणून य ४०. परंतु ऋण १३० चाहि वर्ग तोच, आणि त्यावरून य ऋण ९० येतो! दोहोंपैकीं घ्यावें कोणतें?

या प्रश्नाशीं भास्कराचार्य आठ शतकांपूर्वींच येऊन ठेपले होते. इ. स. १११४ चा त्यांचा जन्म. सह्याद्रीजवळील विज्जलविड हें त्यांचें गांव. वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, ११५० त, सिद्धान्तशिरोमणि रचिला. त्यांच्या बीजगणितांत वानरांचीं दोन उदाहरणें आहेत. पहिल्यांत कळपाच्या अष्टमांशाचा वर्ग वनांत खेळतो आहे आणि बारा वानरें टेकडीवर आहेत. उत्तरें ४८ व १६. दोन्ही खरीं, आणि आचार्यांनी दोन्ही स्वीकारलीं. दुसऱ्यांत पंचमांशांतून तीन वजा करून उरेल त्याचा वर्ग गुहेंत गेला, आणि एक वानर फांदीवर दिसतें. उत्तरें ५० व ५. पण पांचाचा पंचमांश एक. त्यांतून तीन वजा जातां राहतात ऋण दोन. गणितास तें चालतें, परंतु उणें दोन वानरें लोकांस पटत नाहींत, म्हणून आचार्यांनी पांच हें उत्तर टाकिलें. कोठें दोन्ही घ्यावींत आणि कोठें एक टाकावें, हें सूत्र सांगत नाहीं, वानरें सांगतात. आमच्या मतें या प्रकरणांतील सर्वांत मोलाची गोष्ट हीच, आणि परीक्षेंत नेमकी तीच विचारीत नाहींत.

या ग्रंथांचें अध्ययन चालावें म्हणून आचार्यांचे नातू चांगदेव यांनी चाळीसगांवजवळील पाटण येथें मठ स्थापिला. इ. स. १२०७ चा तेथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी यांनी उजेडांत आणिला. लेख संस्कृत, पण मठाच्या उत्पन्नाच्या शेवटच्या ओळी जुन्या मराठींत आहेत. व्यवहाराची गोष्ट आली कीं मराठी आलीच!

आचार्यांपाशीं आलेख नव्हता. ती सोय देकार्तच्या १६३७ मधील ग्रंथानंतरची. चौकटींच्या कागदावर आमचें समीकरण काढिलें कीं अन्वस्त नांवाची वक्ररेषा उमटते. बागेंतील नळीची धार किंवा उडविलेला चेंडू हवेंत हीच रेषा काढतो, हें गॅलिलिओनें १६३८ त दाखविलें. आमचें अन्वस्त ३६०० च्या आडव्या रेषेस दोन ठिकाणीं छेदतें, उजवीकडे ४० वर आणि डावीकडे ऋण ९० वर. डावीकडचा भाग कागदाचा आहे, रस्त्याचा नव्हे.

पुतण्यानें हें सारें ऐकलें, पण तो ऐकण्यानें हटणारा नव्हे. म्हणून आम्हीं त्यासच विचारिलें : त्याच २० मीटरांवर मूल, आणि तुझा वेग ६०, मुलापाशीं पोंचशील तेव्हां वेग किती असेल? तो कागद घेऊन बसला. सेकंदभरांतच १६.७ मीटर गेले. ब्रेकसाठीं उरले ३.३. त्यांस १८० नें गुणितां ६००. ६० चा वर्ग ३६००, त्यांतून ६०० गेले, राहिले ३०००. त्याचें मूळ ५५ च्या किंचित् खालीं. ज्या जागीं चाळीसाची मोटार स्तब्ध उभी राहते, तेथें साठाची मोटार पंचावन्नानें जाऊन आदळते. बराच वेळ तो कांहींच बोलला नाहीं. वहिनींनी ताट वाढलें तेंहि तसेंच राहिलें.

दुसऱ्या दिवशीं पाऊस होता. संध्याकाळीं त्यानें आपण होऊन एक कागद आमच्यापुढें ठेविला. ओल्या रस्त्यावर घर्षण निम्में धरून त्यानें २० मीटरांसाठीं नवें समीकरण मांडिलें होतें : य चा वर्ग अधिक २५ य बरोबर १८००. उत्तर सुमारें ३२. रीत बरोबर होती. मात्र ऋण मूळ लिहून मग टाकावयाचें, तें त्यानें लिहिलेंच नव्हतें. तेवढ्यापुरता आम्हीं अर्धा गुण कापला.