मांडीवरचा संगणक

पूर्वी पेढीवरील कारकून गादीवर मांडी घालून बसे आणि समोरच्या उतरत्या मेजावर वही ठेवून हिशेब लिही. मेज उतरते असल्यामुळे वही डोळ्यांसमोर येई व मान फारशी वाकवावी लागत नसे. आज पुष्कळ ठिकाणी वहीची जागा लॅपटॉपने घेतली आहे. यंत्र नवे असले, तरी ते वापरणारे शरीर जुनेच आहे. त्याच्या गरजाही जुन्याच आहेत.

लॅपटॉप म्हणजे मांडीवर मावणारा संगणक. १९८२ साली अमेरिकेत ‘ग्रिड कंपास’ नावाचा संगणक विक्रीस आला. त्याचा पडदा पुस्तकाच्या पुठ्ठ्याप्रमाणे कळफलकावर मिटत असे. त्याचे वजन सुमारे ५ किलोग्रॅम होते. आजचे लॅपटॉप त्याहून पुष्कळ हलके आहेत. घडण मात्र तीच आहे. पडदा व कळफलक बिजागरीने जोडलेले असल्यामुळे ते कोठेही नेता येतात. परंतु याच जोडणीत त्यांचा दोषही आहे. पडदा डोळ्यांसमोर असावा आणि कळफलक कोपरांच्या उंचीवर असावा, हे शरीराला सोयीचे असते. लॅपटॉप खाली ठेवला, तर हातांना सोय होते, पण मान वाकते. तो उंच ठेवला, तर मान सरळ राहते, पण खांदे अवघडतात.

मान वाकल्याने काय बिघडते? पाण्याची बादली अंगाशी धरली, तर ती पेलवते. तीच हात लांब करून धरली, तर थोड्याच वेळात हात भरून येतो. मोठ्या माणसाचे डोके सुमारे ५ किलोग्रॅम वजनाचे असते. मान सरळ असताना हा भार कण्यावर तोललेला असतो. मान पुढे झुकली, की तो सावरण्यासाठी मानेमागील स्नायूंना सतत ताण सोसावा लागतो. असे तासन्‌तास घडले, म्हणजे मान व खांदे दुखू लागतात.

यावर उपाय सोपा आहे. लॅपटॉपखाली जाड पुस्तके किंवा लाकडी ठोकळा ठेवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीत आणावी आणि वेगळा कळफलक व माउस जोडून ते मेजावर ठेवावेत. पाठीला आधार असावा. पाय जमिनीस टेकत नसतील, तर खाली पाट घ्यावा. वेगळा कळफलक नसल्यास वाचताना यंत्र उंच ठेवावे, लिहिताना खाली घ्यावे आणि एका बैठकीत फार वेळ लिहू नये.

पडद्याकडे पाहताना पापण्या कमी वेळा लवतात व डोळे कोरडे पडतात. म्हणून दर २० मिनिटांनी सुमारे २० फूट दूरच्या वस्तूकडे २० सेकंद पाहावे. मधूनमधून उठून चार पावले चालावे.

लॅपटॉप चालू असताना तापतो. ही उष्णता बाहेर जाण्यासाठी त्याला झरोके असतात. गादीवर किंवा उशीवर ठेवल्यास ते झाकले जातात व यंत्र अधिकच तापते. मांडीवर फार वेळ ठेवल्यास त्वचेवर डाग पडू शकतात. बॅटरी फुगलेली दिसली, तर यंत्राचा वापर व चार्जिंग ताबडतोब थांबवावे आणि घरातील मोठ्या माणसांना सांगावे.

मान दुखू लागल्यावर बसण्याची सवय बदलणे कठीण जाते. लहानपणीच नीट बसण्याची सवय लागली, तर ती जन्मभर उपयोगी पडते. लॅपटॉपच्या नावात मांडी आहे खरी. पण त्याची योग्य जागा मेजावरच आहे.