गावच्या निवडणुकीतला पगारी सल्लागार : गैरसमज आणि वस्तुस्थिती

ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की माढा तालुक्यातल्या मोडनिंबसारख्या बाजाराच्या गावात आधी बोलणं निघतं ते पॅनेलचं. कोण कोणाच्या पॅनेलला, कुठल्या वॉर्डात कोणत्या भावकीची किती मतं, पुण्याला कामाला गेलेल्यांना मतदानाला आणायची सोय कोण करणार. महाराष्ट्रातल्या मोठ्या गावांत आता या गणितात आणखी एक माणूस शिरला आहे. तो उमेदवार नाही, कार्यकर्ता नाही, बहुतेकदा गावचाही नाही. पैसे घेऊन निवडणूक लढवून देणं हा त्याचा धंदा. कोणी त्याला एजन्सीवाला म्हणतं, कोणी सर्व्हेवाला, कोणी डिजिटलवाला. त्याला पैसे कोण देतं आणि ते कुठल्या कागदावर दिसतात, याबद्दल गावागावांत बऱ्याच चुकीच्या समजुती आहेत.

“असली माणसं दिल्ली-मुंबईच्या राजकारणात असतात, आपल्याकडे कशाला येतील?”

2014 च्या लोकसभा निवडणुकीनंतर प्रशांत किशोर हे नाव घरोघरी पोचलं आणि त्यांच्या आय-पॅकसारख्या कंपन्या राज्याराज्यांत पक्षांसाठी काम करू लागल्या. महाराष्ट्रात 2024 च्या विधानसभेला अजित पवारांच्या राष्ट्रवादीचा गुलाबी रंग आणि गुलाबी जाकीट सगळ्यांनी पाहिलं. ती आखणीही व्यावसायिक प्रचार कंपनीची होती. वरच्या निवडणुका झाल्या की तिथे काम शिकलेली पोरं मोकळी होतात आणि तालुक्याला, गावाला छोटी कामं धरतात.

गावात त्यांचं काम दिसायला साधं असतं. वॉर्डाची मतदार यादी घ्यायची, ती संगणकात चढवायची आणि प्रत्येक नावापुढे रकाने पाडायचे: मोबाईल नंबर, आडनावावरून अंदाजाने जात, घरातली मतं, गावात राहतो की बाहेर, आणि शेवटच्या रकान्यात आपला, समोरचा किंवा कुंपणावरचा. कुंपणावरच्यांना वेगळे मेसेज जातात, बाहेरगावच्यांना वेगळे कॉल. सरपंचपदाच्या उमेदवाराची रील, विरोधकाच्या जुन्या कामाचे फोटो, रात्रीचा व्हॉइस मेसेज हे सगळं याच यादीवरून चालतं. मतांचा फरक चाळीस-पन्नासचा असतो अशा वॉर्डात या यादीला मोठी किंमत आहे.

“पैसे घेऊन प्रचार करणं बेकायदा आहे” आणि “याला काही कायदाच नाही”

दोन्ही समजुती चूक. सल्ला विकत घेणं गुन्हा नाही. छपाई, मंडप, लाऊडस्पीकर, जीप यांसाठी उमेदवार पैसे देतोच, सल्ल्यासाठीही देऊ शकतो. मात्र भारतात प्रचार सल्लागाराची कुठेही नोंदणी होत नाही. त्याने आपले ग्राहक कोण आणि किती पैसे घेतले हे जाहीर करावं, असा कायदा ना केंद्राचा आहे ना महाराष्ट्राचा. आपल्याकडचा कायदा सल्लागाराला विचारत नाही. तो उमेदवाराला हिशोब विचारतो.

म्हणून ‘सल्लागाराचे पैसे कधीच उघड होत नाहीत’ असंही म्हणता येत नाही. 2019 मध्ये आंध्र प्रदेशातल्या वायएसआर काँग्रेसने निवडणूक आयोगाला दिलेल्या खर्चाच्या विवरणात आय-पॅकला दिलेली साडेसदतीस कोटींच्या घरातली रक्कम लिहिलेली होती, आणि तिथूनच ती वर्तमानपत्रांत आली. पक्षाला हिशोब द्यावा लागतो, म्हणून तो कागद निघाला. गावात खरी अडचण इथूनच सुरू होते, कारण ग्रामपंचायत निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही.

“पैसे पॅनेलप्रमुखाने दिले, उमेदवाराचा काय संबंध?”

हा सगळ्यात पसरलेला गैरसमज आहे आणि सर्वात जास्त नुकसान यानेच होतं. पॅनेल ही गावाच्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे, पण ग्रामपंचायत निवडणुकीच्या हिशोबात तिला अस्तित्व नाही. तिचं खातं नाही, तिचं विवरण नाही. मतपत्रिकेवर प्रत्येक उमेदवार एकटा असतो आणि खर्चाची मर्यादाही त्याची एकट्याची असते.

भारतीय न्याय संहितेचं कलम 176 पाहा. उमेदवाराच्या लेखी अधिकाराशिवाय कोणीही त्याच्यासाठी सभा, जाहिरात, पत्रक किंवा ‘अन्य कोणत्याही प्रकारे’ खर्च केला, तर तो गुन्हा आहे आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ही तरतूद नवी नाही. 1920 मध्ये निवडणुकीच्या गुन्ह्यांचं प्रकरण दंड संहितेत आलं तेव्हापासून ती 171-एच म्हणून होती, तिथे दंड पाचशे होता. तिला एक सवलत आहे: दहा रुपयांपर्यंतचा खर्च परवानगीशिवाय केला आणि दहा दिवसांत उमेदवाराची लेखी मान्यता घेतली, तर चालतं. शंभर वर्षांत दंड वाढला, ते दहा रुपये मात्र नव्या संहितेतही तसेच राहिले. विधानसभेपासून ग्रामपंचायतीपर्यंत सगळ्या निवडणुकांना हे कलम लागू आहे.

आता पॅनेलप्रमुखाने एजन्सीला पैसे दिले असं धरू. उमेदवारांनी त्याला लेखी अधिकार दिला असेल, तर तो खर्च उमेदवारांचा झाला आणि त्यांच्या हिशोबात यायला हवा. अधिकार दिला नसेल, तर पैसे देणारा कलम 176 मध्ये येतो. तिसरी वाट कायद्यात नाही.

आकड्यांत मांडलं की हे लगेच लक्षात येतं. गावाची लोकसंख्या साडेसात हजारांच्या वर गेली की ग्रामपंचायतीला 17 सदस्य असतात, आणि मोडनिंब याच वर्गातलं गाव आहे. 2017 मध्ये थेट सरपंच निवड आली तेव्हा 15 ते 17 सदस्यांच्या ग्रामपंचायतीत सदस्याला 50 हजार आणि सरपंचपदाच्या उमेदवाराला 1 लाख 75 हजार अशी मर्यादा ठरली होती. (मर्यादा वेळोवेळी बदलते. अर्ज भरताना चालू आकडा निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडून लेखी घ्यावा.) समजा, सरपंचपदाचा उमेदवार धरून अठरा जणांच्या पॅनेलसाठी एजन्सीचं बिल 3 लाख 60 हजार झालं. सारखं वाटलं तर माणशी 20 हजार. पन्नास हजारांतले वीस हजार तिथेच गेले. उरलेल्या तीस हजारांत पत्रकं, गाड्या, चहा-नाश्ता, मतदान प्रतिनिधी बसवायचे. म्हणूनच हे बिल कागदावर येत नाही, आणि म्हणूनच ते कागदावर आणायला हवं. अन्यथा मर्यादा पाळून, स्वतःच्या खिशातून चार पत्रकं छापून उभा राहिलेला अपक्ष आणि व्यावसायिक यंत्रणा मागे असलेला उमेदवार या दोघांचे हिशोब सारखेच दिसतात. हा त्या अपक्षावर आणि मतदारावर अन्याय आहे.

‘कोणीतरी परस्पर केलं’ हा बचाव किती दूर जातो, याचं उदाहरण नांदेड जिल्ह्यात आहे. 2009 च्या विधानसभेला भोकर मतदारसंघात तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांची भरभरून स्तुती करणारी पानं अनेक मराठी वृत्तपत्रांत छापून आली. त्यांच्या हिशोबात वृत्तपत्रांतल्या जाहिरातींवरचा खर्च होता 5,379 रुपये. पत्रकार पी. साईनाथ यांनी हे प्रकरण उजेडात आणलं, आणि पराभूत उमेदवार माधवराव किन्हाळकर केंद्रीय निवडणूक आयोगाकडे गेले. मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हिशोब वेळेत आला एवढंच बघून आयोगाला थांबायचं कारण नाही, तो खरा आहे का हेही आयोग तपासू शकतो. आयोगाने चव्हाणांविरुद्ध आदेश काढला. सप्टेंबर 2014 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो रद्द केला, कारण तो खर्च त्यांनी केला किंवा त्यांच्या संमतीने झाला, असा निष्कर्ष त्या आदेशात नव्हता. गावाने या निकालातून दोन्ही गोष्टी घ्याव्यात. हिशोबाचा खरेपणा तपासता येतो, पण संमतीचा पुरावा लागतो. एजन्सीशी झालेला करार, पॅनेलच्या बैठकीत वाटलेला आराखडा, उमेदवाराने स्वतःच्या मोबाईलवरून पाठवलेली रील, हे असे पुरावे आहेत.

“गावच्या निवडणुकीचा हिशोब कोण बघतो? हरलेल्याला तर काहीच लागू नाही”

हे मानून अनेकांनी स्वतःचं वाटोळं करून घेतलं आहे. निकालानंतर 30 दिवसांत प्रत्येक उमेदवाराने खर्चाचा हिशोब द्यायचा असतो: जिंकलेल्याने, हरलेल्याने, अनामत गेलेल्यानेही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 14-ब नुसार सबळ कारणाशिवाय हिशोब दिला नाही तर पाच वर्षांसाठी अपात्रता येऊ शकते. आमदार-खासदारांना याच चुकीसाठी लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 10-अ मध्ये तीन वर्षं आहेत. म्हणजे या बाबतीत सरपंचाचा कायदा आमदाराच्या कायद्यापेक्षा कडक आहे. रोजचा खर्च भरायला राज्य निवडणूक आयोगाचं ट्रू व्होटर ॲप आहे. तिथल्या नोंदी पाहिल्याशिवाय शेवटच्या दिवशी कोणाकडून तरी हिशोब ‘भरून घेणं’ धोक्याचं आहे. एजन्सीवाला तो भरून देतो, सही मात्र उमेदवाराची असते आणि अपात्र तोच ठरतो.

कायद्यातली एक पळवाटही सांगितली पाहिजे. लोकप्रतिनिधित्व कायद्यात हिशोब धरला जातो तो अर्ज भरल्यापासून निकालापर्यंतचा, आणि स्थानिक निवडणुकीचा हिशोबही त्याच धर्तीवर आहे. सहा महिने आधी केलेला सर्व्हे त्यातून निसटतो. माझ्या मते ही दुरुस्ती राज्य निवडणूक आयोगाने सर्वात आधी करावी: हिशोबाच्या नमुन्यात ‘प्रचार सल्ला, सर्व्हे, समाजमाध्यमं’ असा वेगळा रकाना हवा. काम अर्जाआधी झालं असलं तरी प्रचारात त्याचा वापर झाला, तर कंपनीच्या नावासह त्याची नोंद तिथे व्हावी.

“ग्रामपंचायतीने ठराव केला की झालं”

गावात हा उपाय अनेक जण सुचवतात. तळमळ खरी आहे, पण अधिकार नाही. पंचायत निवडणुकांची देखरेख आणि नियंत्रण संविधानाच्या अनुच्छेद 243-के ने राज्य निवडणूक आयोगाकडे दिलं आहे. ग्रामपंचायत किंवा जिल्हा परिषद आपल्याच निवडणुकीचे नियम करू शकत नाही, आणि ते योग्यच आहे. सत्तेत बसलेल्यांनी पुढच्या निवडणुकीचे नियम केले असते तर विरोधकाला जागाच उरली नसती.

अमेरिकेत वेगळं आहे. सॅन फ्रान्सिस्को शहराच्या मतदारांनी 1997 मध्ये कौल देऊन नियम केला: पैसे घेऊन प्रचाराचा सल्ला देणाऱ्याने शहराच्या नीतिमत्ता आयोगाकडे नोंदणी करावी, ग्राहकांची नावं आणि मिळालेली रक्कम ठरावीक मुदतीने जाहीर करावी. त्यामागचा विचार आपल्यालाही लागू पडतो. आज निवडून आणणारा माणूस उद्या त्याच लोकप्रतिनिधीकडे काम मागायला येतो. आपल्याकडे सदस्याला ग्रामपंचायतीच्या ठेक्यात हितसंबंध ठेवता येत नाही, तसं केलं तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 14 नुसार त्याचं पद जातं. पण ज्याने प्रचाराचं बिल भरलं त्या ठेकेदाराला रस्त्याचं, गटाराचं काम मिळालं, तर दोन्ही गोष्टी जोडणारा कागद कुठेच नसतो.

राज्य निवडणूक आयोग काहीच करत नाही, असंही नाही. जानेवारी 2021 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबारच्या खोंडामळी इथे पदांचा लिलाव झाल्याचं पुढे आलं आणि आयोगाने दोन्ही ठिकाणची निवडणूक प्रक्रिया रद्द केली. तिथे चित्रफिती आणि कागद समोर आले होते, म्हणून कारवाई करता आली.

“व्हॉट्सॲप, फेसबुक म्हणजे फुकटचा प्रचार”

मेसेज फुकट जातो. तो लिहिणारा, रील कापणारा, हजारो नंबरांवर व्हॉइस कॉल सोडणारा फुकट काम करत नाही. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरच्या राजकीय जाहिरातींना 2019 पासून भारतात पैसे देणाऱ्याचं नाव लावावं लागतं, आणि त्यांच्या मालक कंपनीच्या जाहिरात संग्रहात त्या कोणालाही शोधता येतात. व्हॉट्सॲपच्या ग्रुपांना असा संग्रह नाही.

“मतदार यादी खुली आहे, मग आमची माहिती कोणीही घेऊ शकतो”

यादी खुली असते ती हरकती घेता याव्यात, दुबार नावं निघावीत म्हणून. त्यात तुमचा मोबाईल नंबर नाही, जात नाही, तुम्ही कोणाचे हेही नाही. हे रकाने एजन्सी भरते. रेशन, बचत गट, पतसंस्था, गॅसची नोंदणी अशा ठिकाणी वेगळ्या कामासाठी दिलेला नंबर प्रचारात वापरला जाणं चूक आहे. वैयक्तिक विदा संरक्षण कायदा 2023 मध्ये झाला, नोव्हेंबर 2025 मध्ये नियम आले, आणि संमतीची बंधनं टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. तोवर दारात सर्व्हेला आलेल्या पोराला ‘कोणासाठी विचारतोस, आणि हे कुठं ठेवणार?’ असं विचारायचा हक्क तुम्हाला आहेच, आणि काहीच न सांगण्याचाही.

“हिशोब सरकारी कपाटात जातो, आपल्याला दिसत नाही”

दिसतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावलेला माहिती अधिकाराचा अर्ज आपल्या तालुक्याच्या (मोडनिंबकरांनी माढ्याच्या) तहसील कार्यालयात द्यायचा. माहिती दुसऱ्या कार्यालयात असेल तर कलम 6(3) प्रमाणे अर्ज पाच दिवसांत तिकडे पाठवण्याची जबाबदारी त्यांचीच आहे. उत्तराची मुदत 30 दिवस, प्रतीला पानाला दोन रुपये. अर्जात मोघम लिहू नये. ‘अमुक निवडणुकीतील सर्व उमेदवारांचे खर्चाचे विवरण, सोबतची देयके आणि पावत्या’ असं नेमकं मागावं. एका पॅनेलच्या सगळ्या उमेदवारांची विवरणं हातात आली की छपाईचा आणि गाड्यांचा खर्च कसा वाटला आहे ते पाहावं. मग गावाने डोळ्यांनी पाहिलेला सर्व्हे, रील आणि व्हॉइस कॉल यांची नोंद त्यात कुठे आहे ते शोधावं. नसेल, तर फोटो, मेसेज आणि तारखांसह तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावी आणि तिची पोच घ्यावी. निवडणूकच रद्द व्हावी अशी मागणी असेल तर वाट वेगळी आहे: ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 15 खाली दिवाणी न्यायालयात अर्ज करायचा, आणि तो निकालापासून 15 दिवसांत. माहिती अधिकाराच्या उत्तराची वाट पाहत बसलं तर ही मुदत निघून जाते. म्हणून पुरावे प्रचार चालू असतानाच जमवावे लागतात.