पोलादी लक्ष्यफलक आणि भंगारातील लोखंड

गोळी लागताच टणत्कार करणारे धातूचे लक्ष्य अमेरिकेतील नेमबाजांना विशेष प्रिय आहे. कागदी लक्ष्यावर गोळी कोठे लागली हे पाहण्यासाठी दुर्बिणीला डोळा लावावा लागतो किंवा लक्ष्यापर्यंत चालत जावे लागते. पोलादी फलक निकाल जागच्या जागी ऐकवतो. आपल्याकडे नेमबाजी म्हणजे मुख्यतः ऑलिंपिक पद्धतीची, कागदी अथवा इलेक्ट्रॉनिक लक्ष्यांवरची. म्हणून हा प्रकार मराठी वाचकाला फारसा परिचित नाही. अमेरिकेच्या ग्रामीण भागात मात्र स्वतःच्या जमिनीवर सराव करण्याची रीत जुनी असून, तेथे असे फलक पुष्कळदा भंगारातून घरीच तयार केले जातात.

धातूच्या लक्ष्यांची परंपरा बरीच मागे जाते. न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडसारख्या करमणुकीच्या ठिकाणी बिडाची बदके, ससे आणि तारे लहान रायफलींनी पाडण्याचा खेळ चाले. ती बिडाची चित्रे आज लोककलेचे नमुने म्हणून संग्राहक जपतात. मेक्सिकोत विसाव्या शतकाच्या मध्यास पोलादी प्राण्यांची स्पर्धा रूढ झाली. तीत कोंबडी 200 मीटरवर, रानडुक्कर 300 वर, टर्की 385 वर आणि मेंढा 500 मीटरवर उभा असतो. नुसती गोळी लागून भागत नाही, प्राणी खाली पडावा लागतो.

फलकाची सुरक्षितता ज्या क्रियेवर अवलंबून असते ती नीट समजून घेतली पाहिजे. शिशाची, तांब्याच्या वेष्टनातील गोळी सपाट व कठीण पोलादावर आदळली की तिच्या बारीक कपच्या होतात आणि त्या फलकाच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर, कडांच्या दिशेने पसरतात. फलकाच्या बाजूला कोणी उभे नसेल, तर नेमबाजाकडे फारसे काही येत नाही. मृदू पोलादावर वेगळेच घडते. रायफलीची वेगवान गोळी त्यात वाटीसारखा खळगा पाडते व खळग्याची कड वर उचलली जाते. पुढची गोळी नेमकी तेथे लागली, तर तिचे तुकडे त्या वक्र पृष्ठावरून वळून आल्या दिशेला परत फिरतात. म्हणून ‘पत्रा चांगला जाड आहे, काही होत नाही’ हा समज घातक ठरतो. जाडी फलक भोकसू देत नाही, एवढेच. परत येणारे तुकडे अडवते ती पृष्ठभागाची सपाटी, आणि सपाटी टिकवते ते काठिण्य.

हे काठिण्य ब्रिनेल अंकाने मोजतात. स्वीडिश अभियंता योहान ऑगस्ट ब्रिनेल याने 1900 मध्ये ही कसोटी मांडली. तीत 10 मिमी व्यासाचा कठीण गोळा ठरावीक भाराने धातूवर दाबून उमटलेल्या ठशाचे माप घेतात. बांधकामातील साध्या पोलादाचा अंक सव्वाशे-दीडशेच्या आसपास असतो. लक्ष्यफलकासाठी मान्य झालेल्या ‘एआर 500’ पोलादाचा सुमारे 500. हे पोलाद नेमबाजीसाठी जन्मलेच नाही. खाणीतील डंपरचे हौदे, खडी वाहणाऱ्या घसरगुंड्या, यंत्राच्या बादल्यांचे अस्तर यांची झीज रोखण्यासाठी ते घडवले गेले. त्यामुळे भंगारातून खरोखर उपयोगी पडण्याजोगे काही मिळाले, तर ते खाणीच्या किंवा खडीकेंद्राच्या भंगारातच. आणि तेही वाकलेले किंवा खड्डे पडलेले नसेल तरच. कानस सहज चावली तर तो तुकडा मृदू आहे हे कळते, परंतु पुरेशा काठिण्याची खात्री काठिण्यमापकच देतो.

इतर भंगाराबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. ब्रेक ड्रम आणि पुष्कळ इंजिनांचे ठोकळे बिडाचे असतात. बीड ठिसूळ, त्याचे स्वतःचेच तुकडे उडतात. तव्याच्या कुळवाचा तवा कठीण असतो खरा, पण खोलगट बाजूने टांगला तर तो कपच्या गोळा करून समोर फेकतो. रुळाचा माथा गोलाकार असल्याने गोळी कोणत्या दिशेला जाईल हे सांगता येत नाही. गॅसच्या जुन्या टाक्यांत उरलेल्या वायूचा धोका वेगळाच. फ्रीज आणि टीव्ही तर केवळ कचरा वाढवतात; अमेरिकेतील सार्वजनिक जमिनींवर तो उपद्रवच होऊन बसला आहे.

योग्य पत्रा मिळाला तरी तो कापताना बिघडू शकतो. या पोलादाला कारखान्यात तापवून पाणी दिलेले असते. गॅसच्या ज्योतीने कापले किंवा दर्शनी बाजूस वेल्डिंग केले, की तापलेला पट्टा पुन्हा मऊ पडतो आणि पहिले खळगे नेमके तेथेच पडतात. यासाठी उच्चदाबाच्या पाण्याने किंवा लेझरने कापणे चांगले. टांगताना फलक वरच्या कडेने पुढे झुकलेला ठेवतात, म्हणजे बहुतेक कपच्या जमिनीकडे जातात. साखळीवर किंवा अग्निशामक नळीच्या तुकड्यावर मोकळा झुलणारा फलक धक्काही पचवतो. बोल्टची डोकी, चौकटीच्या कडा गोळीसमोर उघड्या राहू देऊ नयेत.

पिस्तुलासाठी किमान 10 यार्ड आणि रायफलीसाठी 100 यार्ड अंतर उत्पादक सुचवतात. जवळून मारलेल्या रायफल गोळीचा वेग सेकंदाला 900 मीटरच्या पुढे असू शकतो, आणि मग ‘एआर 500’वरही खळगा पडतो. पोलादी गाभ्याची गोळी व पोलादी छरे पूर्णतः वर्ज्य. सर्व उपस्थितांना, बघ्यांनासुद्धा, सुरक्षा-चष्मा आवश्यक आहे, आणि फलकामागे मातीचा भक्कम बांध हवा, कारण हुकलेली गोळी फलक अडवत नाही. शिशाची धूळ फलकाभोवती साचत असल्याने सराव संपल्यावर हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये. दर वेळी आधी फलक हाताने चाचपून पाहावा. बोटाला खळगा किंवा उचललेली कड लागली, की तो फलक बाद करावा.