माड मेला, कीड जिवंत

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगडात माड-पोफळी आडव्या केल्या. असा पडलेला सोट जागेवरच कुजू दिला तर पुढची काही वर्षं तो बागेला छळतो. दासगावात सावित्रीकाठच्या परसांत चार-पाच माड असले तरी हे लागू आहे.

गैरसमज: माड मेला, आता कीड काय खाणार?

सोंड्या भुंग्याच्या अळ्या खोड आतून पोखरतात. छिद्रांतून तपकिरी रस नि चावलेला चोथा येतो, खोडाला कान लावला तर कुरतडणं ऐकू येतं. पण बहुतेकांचं लक्ष जातं ते शेंडा कलंडल्यावरच. तोवर अळ्यांनी माडाच्याच धाग्यांचे कोष विणलेले असतात, आणि त्यांतून निघालेले भुंगे शेजारचा माड धरतात. म्हणून नुसता तोडून भागत नाही. सोट चिरून गाभा उघडा करायचा आणि किडलेला भाग लगेच जाळायचा.

गैरसमज: उकिरड्यावर टाकला की खत होईल.

गेंड्या भुंग्याला हवं असतं ते हेच. कुजका सोट आणि शेणखताचा ढीग ही त्याची अंडी घालायची जागा. खत उपसताना विळ्यासारख्या वाकलेल्या जाड पांढऱ्या अळ्या दिसतात, त्या त्याच्याच. मोठा झालेला भुंगा न उमललेला कोंब कुरतडतो, मग झावळ्या कातरीने कापल्यासारख्या उघडतात. त्या जखमेच्या वासावर सोंड्या येतो. १९०९ च्या सुमारास हाच गेंड्या सिलोनहून रबराच्या रोपांसोबत सामोआ बेटांवर पोचला आणि तिथल्या माडांची दैना झाली. खत उपसावं, अळ्या वेचाव्यात, खड्ड्यात मेटारायझियम बुरशी मिसळावी.

गैरसमज: पुरात सोडला की गेला.

हा मला सगळ्यात वाईट वाटतो. ओंडका तरंगतो, खाली खाडीकाठी कुणाच्या तरी बागेला लागतो. आपली कीड आपण दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवतो.

आंब्याच्या भिरुडाचंही असंच. तोडलेल्या ओंडक्यात अळी जगते, नि पावसाच्या तोंडावर भुंगे बाहेर पडू लागतात. पोखरलेलं लाकूड पडवीत रचून ठेवू नये, फोडून मे महिन्याआधी चुलीत घालावं.

मात्र वाऱ्याने पडलेला निरोगी माड जाळायचं कारण नाही. त्याचा सोट वेळेवर चिरून सुकवला तर वाशांना उत्तम. बुंधा मात्र खणून काढावा, तो जमिनीत कुजत राहिला तर गेंड्याला तेवढीही जागा पुरते.