पानाला आकाश दिसू द्या

मनीप्लांट चोरून आणला तरच घरात लागतो, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. त्यामुळे एरवी दुसऱ्याच्या दारातलं फूलही न तोडणारी माणसं मनीप्लांटची फांदी मात्र बिनदिक्कत खुडून आणतात. चोरलेल्या वेलीमुळे पैसा येतो की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं. पण आणलेली वेल ठेवायची कुठं, याचा विचार फार थोडे लोक करतात. कुणी फ्रीजवर ठेवतं, कुणी टीव्हीशेजारी, कुणी कपाटाच्या डोक्यावर. थोडक्यात, जिथं आपल्याला शोभेल तिथं. वेल बिचारी तक्रार करत नाही. काही महिन्यांनी पानं बारीक होतात, दोन पानांमधलं अंतर वाढतं, खालची पानं पिवळी पडून गळतात. मग आपण म्हणतो, ‘आमच्या हाताला झाडं लागत नाहीत.’ हाताचा यात फारसा दोष नसतो. बहुतेक वेळा कमी पडलेला असतो तो उजेड.

ही वेल मूळची आपली नव्हे. प्रशांत महासागरातल्या सोसायटी बेटांपैकी मोरेआ नावाचं एक छोटं बेट आहे, ते तिचं माहेर. कूळ मात्र ओळखीचं आहे. आपला अळू आणि सुरण ज्या कुळातले, त्याच कुळातली ही. रानात ती मोठ्या झाडांच्या खोडांना धरून वर चढते. डोक्यावर पानांचं छप्पर असतं, त्यातून गाळून आलेला उजेड तिला मिळतो. म्हणजे भरपूर उजेड हवा, पण कडक ऊन नको, ही तिची मूळ सवय. हे एकदा लक्षात आलं की पुढचं सगळं सोपं होतं.

उजेड झाडासाठी काय करतो? आपण पाण्याला आणि खताला झाडाचं अन्न म्हणतो. पण झाड आपलं अन्न स्वतःच तयार करतं आणि त्यासाठीचं इंधन म्हणजे उजेड. डच वैद्य यान इंगेनहाउस यांनी १७७९ मध्ये दाखवून दिलं, की पाण्यात बुडवलेल्या हिरव्या पानांतून बुडबुडे निघतात ते उन्हात. अंधारात ते थांबतात. पानांतलं हे काम उजेडाशिवाय चालत नाही. उजेड कमी पडला, की वेल आहे त्या शिदोरीवर दिवस काढते आणि उजेड शोधत लांब लांब हात पसरते. पेरांमधलं वाढलेलं अंतर हे वाढीचं लक्षण नाही, ती उपाशी वेलीची धावपळ आहे.

आता अडचण अशी, की उजेड किती आहे हे आपल्या डोळ्यांना नीट कळत नाही. अंधारात बाहुली मोठी होते, उजेडात लहान होते, त्यामुळे आपल्याला दोन्हीकडे बऱ्यापैकी दिसतं. उजेड मोजायचं एकक आहे लक्स. भर दुपारच्या उन्हात सुमारे एक लाख लक्स उजेड असतो. रात्री ट्यूब लावलेल्या आपल्या बैठकीच्या खोलीत असतो साधारण शंभर ते तीनशे. आपल्याला पेपर वाचायला तेवढा पुरतो, म्हणून आपण खोलीला ‘छान उजेडाची’ म्हणतो. वेलीच्या दृष्टीनं मात्र तिथं संध्याकाळ झालेली असते.

मग ओळखायचं कसं? यंत्राची गरज नाही, दोन घरगुती परीक्षा आहेत. पहिली आकाशाची. कुंडी जिथं ठेवायची, तिथं आपलं डोकं नेऊन खिडकीकडे बघा. आकाशाचा तुकडा दिसतो का? दिसत असेल, तर पानालाही दिसेल. नुसती समोरची भिंत दिसत असेल, तर जागा बदला. दुसरी परीक्षा सावलीची. दुपारी त्या जागी पांढरा कागद धरा आणि त्यावर वीतभर उंचीवर हात धरा. सावलीची कड रेखीव असेल तर उजेड कडक आहे. सावली दिसते पण कड पुसट आहे, तर जागा मनीप्लांटसाठी उत्तम. सावलीच ओळखू येत नसेल, तर तिथं शोभेची प्लास्टिकची वेल ठेवावी.

खिडकीची दिशाही महत्त्वाची. इथं एक सावधगिरी हवी. बागकामाची बरीच पुस्तकं युरोप-अमेरिकेतली. त्यात दक्षिणेची खिडकी सर्वात जास्त उन्हाची, असं सांगितलेलं असतं. आपला अख्खा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या खाली आहे. आपल्याकडे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, त्यालाच आपण शून्य सावलीचा दिवस म्हणतो. जूनमध्ये तर तो थोडा उत्तरेकडून जातो आणि दक्षिणेच्या खिडकीत ऊन जवळजवळ येतच नाही. डिसेंबरमध्ये तोच सूर्य दक्षिणेला कलतो आणि त्याच खिडकीतून ऊन खोलीत आतपर्यंत शिरतं. म्हणून उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीला टेकवलेली कुंडी हिवाळ्यात हातभर आत घ्यावी. पूर्वेची खिडकी या वेलीला सर्वात मानवते. सकाळचं कोवळं ऊन तास-दोन तास मिळालं तरी चालतं. उत्तरेची खिडकीही चांगली, फक्त कुंडी खिडकीला लागून हवी. पश्चिमेचं दुपारनंतरचं ऊन मात्र पानं भाजतं. तिथं पातळ पडदा लावा, नाहीतर कुंडी तीन-चार फूट आत ठेवा. काळपट काच, डासांची जाळी, ग्रिलमध्ये रचलेलं सामान, पानांवरची धूळ, हे सगळे उजेडातला वाटा काढून घेतात, हेही विसरू नये.

टांगत्या कुंडीची एक खास गोष्ट आहे. आपण ती हौसेनं छताजवळ टांगतो. खिडकीची वरची कड त्याच्या खाली असते. मग लोंबणाऱ्या शेंड्यांना उजेड मिळतो आणि कुंडीचं तोंड अंधारात राहतं. वर टक्कल, खाली शेपट्या, अशी वेलीची अवस्था होते. कुंडी एवढी खाली आणा, की तिचं तोंड खिडकीच्या उजेडात येईल. लांब शेपट्या छाटा, त्याचे दोन-तीन पेरांचे तुकडे पाण्यात रुजवा आणि त्याच कुंडीत लावा. टक्कल भरून येतं. कुंडी आठवड्याला पाव फेरा फिरवली, की एकच बाजू पुढे धावत नाही. ज्या वेलीच्या पानांवर पिवळे-पांढरे पट्टे असतात, तिला उजेड थोडा जास्त लागतो. पांढऱ्या भागात हरितद्रव्य जवळजवळ नसतं, अन्न शिजतं ते हिरव्या भागात. उजेड कमी पडला, की नवी पानं निव्वळ हिरवी येऊ लागतात.

आमच्या गल्लीत तळमजल्यावर एक खाला राहतात. वय ऐंशीच्या घरात, मुलं परदेशी. खिडकीतली त्यांची वेल वीस-बावीस वर्षांची. दोन वर्षांपूर्वी समोरच्या बैठ्या घरांच्या जागी सात मजली इमारत उभी राहिली आणि वेल पिवळी पडू लागली. “पाणी तर रोज घालते रे, दुपटीनं घालते,” त्या मला म्हणाल्या. नेमकं तेच तिच्या मुळावर येत होतं. उजेड कमी झाला, की वेल पाणीही कमी पिते. माती ओली राहते, मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. अंधाऱ्या घरातल्या वेली तहानेनं क्वचितच मरतात, आपल्या मायेनं मरतात. आम्ही कुजलेली मुळं काढली, निरोगी फांद्या नव्या मातीत लावल्या. आकाश तर आता त्या खिडकीतून दिसणार नव्हतं. म्हणून वीस वॅटची साधी एलईडी ट्यूब कुंडीच्या वर फूटभर अंतरावर लावली. ती रोज बारा तास जळते. महिन्याला वीज लागते साधारण सात युनिट. पाणी, बोट पेरभर मातीत घालून कोरडं लागलं तरच. आता तिला नवी पानं येतात. खाला त्या ट्यूबला ‘वेलीचा सूरज’ म्हणतात. मात्र समोरच्या इमारतीनं त्यांच्या घरातला कवडसा नेला, तो ट्यूबनं परत आला नाही. इमारती बांधताना आपण पाणी आणि पार्किंग मोजतो. तळमजल्याला किती आकाश उरेल, तेही मोजायला हवं.

शेवटी दोन गोष्टी. अंधारातली वेल एकदम उन्हात नेऊ नका. सावलीत घडलेली पानं पातळ असतात, ती करपतात आणि करपलेलं पान पुन्हा हिरवं होत नाही. दोन-तीन आठवड्यांत, थोडी थोडी सरकवत न्या. दुसरं, या वेलीचा रस अळूसारखाच खाजरा असतो. रांगतं मूल किंवा मांजर असेल, तर लोंबणाऱ्या फांद्या त्यांच्या आवाक्याबाहेर ठेवा. बाकी या वेलीला फार काही लागत नाही. या रविवारी एकदा तिच्या जागी उभं राहून खिडकीकडे बघा. तुम्हाला जे दिसेल, त्यावरच तिचं घर चालतं.