तात्पुरते पालक, दडलेले आजार

दुर्ग-भिलाई या जुळ्या शहरांतील पद्मनाभपूर असो वा आपल्याकडील एखादी वसाहत, रस्त्यावरचे पिलू उचलून घरी आणणारी माणसे सर्वत्र भेटतात. कायमचे घर मिळेपर्यंतचे हे पालकत्व तात्पुरते असते. माया मात्र तशी नसते.

शेपटी हलवीत पोटभर जेवणारे पिलू चौथ्या-पाचव्या दिवशी एकाएकी अन्न नाकारते. पार्व्होचा विषाणू शरीरात शिरल्यावर लक्षणे दिसेपर्यंत बहुधा आठवडाभर जातो. मग उलट्या, रक्ताची हगवण आणि सलाइन लावून काढलेल्या रात्री! डिस्टेंपर त्याहून निर्दय. ताप उतरतो, घर आनंदते, आणि काही आठवड्यांनी झटके सुरू होतात. मुदतठेवीसारखी तारीख येथे कोणी लिहून देत नाही.

गोचिडांमुळे होणारा एर्लिकिया रक्तात महिनोन्‌महिने लपतो. कुत्रे केवळ आळशी वाटते. तो तपासणीत वेळीच सापडला, तर डॉक्सिसायक्लीनच्या सुमारे ४ आठवड्यांच्या उपचाराने तेच कुत्रे बहुधा अंगणभर धावू लागते. म्हणून नव्या पाहुण्याला प्रथम किमान २ आठवडे घरच्या कुत्र्यांपासून वेगळे ठेवावे व त्याचे रक्त तपासून घ्यावे.

पार्व्होने पिलू दगावले, तरी विषाणू अंगणातील मातीत कित्येक महिने तग धरतो. त्या घरी लस न टोचलेले पिलू लगेच आणता येत नाही. लसीकरण पूर्ण झालेले, वय झाल्याने कोणी न मागितलेले एखादे कुत्रे मात्र येऊ शकते. आणि पुष्कळदा तेच कायमचे राहते.