घट्ट बसणारे काडतूस

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात काळा चबुतरा आहे. जून १८५७ मध्ये इथल्या छावणीतील हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळात बंड झाले आणि पकडलेल्या शिपायांना देहदंड दिला गेला, त्या दिवसांची ही खूण. एका शिक्षक-शिबिरानंतर आम्ही काही जण तिथे उभे होतो, तेव्हा चरबीच्या काडतुसांचा विषय निघाला. (इथल्या शिपायांना बिथरवणारी बातमी वेगळी होती, आपल्याला दिल्लीवर चालून जायला लावणार, ही ती बातमी.) बरोबरच्या एका शिक्षकांनी विचारले, "पण काडतुसाला चरबी लावायची गरजच काय होती?"

इतिहासाच्या पुस्तकात या प्रश्नाचे उत्तर सहसा नसते. ते शोधण्यासाठी आधी बंदुकीच्या नळीत डोकवावे लागेल.

त्या काळची बंदूक ठासणीची. दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून घालायची आणि गजाने तळापर्यंत ठासायची. रायफलीच्या नळीत आतून पिळदार खाचा असतात. गोळी त्या खाचांना घट्ट धरून बाहेर आली, तरच ती स्वतःभोवती फिरते आणि सरळ जाते. म्हणजे आत जाताना गोळी सैल हवी आणि बाहेर येताना घट्ट. एकच वस्तू दोन्ही कशी असणार? जुन्या रायफलींत घट्ट गोळी हातोडीने ठोकून बसवत. त्यात फार वेळ जाई, आणि समोर शत्रू उभा असताना वेळच नसतो.

१८४९ मध्ये मिनिए या फ्रेंच अधिकाऱ्याने मऊ शिशाची, बुडाशी पोकळ असलेली लांबट गोळी पुढे आणली. ती सैल आत जाते. दारू पेटली की वायूच्या दाबाने तिचे पोकळ बूड फुगते आणि खाचांत रुतते. १८५३ च्या एनफिल्ड रायफलीने हेच तत्त्व उचलले. नळीचा व्यास ०.५७७ इंच, म्हणजे सुमारे १४.६६ मिलिमीटर, गोळीचा ०.५६८ इंच, सुमारे १४.४३ मिलिमीटर. फरक ०.२३ मिलिमीटर. दोन्ही बाजूंना वाटला तर वहीच्या एखाद्या पानाच्या जाडीइतकी फट. तीही रिकामी नव्हे, कारण गोळी काडतुसाच्या कागदात गुंडाळलेलीच आत जाई.

आता काळ्या दारूचा स्वभाव पाहा. ती जळल्यावर निम्म्याहून अधिक वजन घन पदार्थांच्या रूपात मागे राहते. पाच-दहा गोळ्या झाडल्या की नळीत काजळीचा थर बसतो. कोरड्या उन्हाळ्यात तो खरखरीत आणि टणक होतो. एका पानाची फट बुजायला असा किती थर लागणार? म्हणून कागदाला वंगण. दर गोळीबरोबर ते थोडे आत जाई, काजळी मऊ ठेवी आणि गोळी सरकवी. वंगणाशिवाय ती बंदूक काही वेळाने भरताच आली नसती.

इथे इंग्लंडमधल्या हवामानासाठी केलेला हिशेब चुकला. सुरुवातीच्या मिश्रणात जनावराची चरबी जास्त आणि मधमाश्यांचे मेण कमी होते. चरबी चाळीस-पंचेचाळीस अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, मेण बासष्ट-चौसष्टच्या सुमारास. उत्तर हिंदुस्थानातल्या मे महिन्यात चरबी कागदात झिरपून जाणार हे उघड होते. १८५७-५८ च्या मोहिमांत गोळ्या नळीत अडकू लागल्या आणि गज ठोकून त्या खाली दामटाव्या लागल्या. पुढे १८५९ च्या सुमारास गोळीचा व्यास ०.५५ इंचांवर आणला गेला, फट जवळजवळ तिप्पट झाली आणि वंगणात मेणाचे प्रमाण वाढले.

चरबी कोणत्या जनावराची, हे पाहण्याची काळजी कोणी घेतलेली नव्हती. म्हणून "ती नुसती अफवा होती" असे म्हणणे आम्हाला पटत नाही. शिपायांनी आपल्या पसंतीचे वंगण स्वतः लावावे, अशी मुभा जानेवारी १८५७ मध्ये देण्यात आली, पण तोवर विश्वास उडाला होता. शिपायांच्या धर्माला चालणारे मेण पदार्थविज्ञानाच्या कसोटीलाही सरस होते, हे कळायला एक पूर्ण उन्हाळा जावा लागला.

पुढे बंदूक मागून भरण्याची सोय आली, काडतूस धातूचे झाले आणि १८६९ मध्ये खडकीला दारूगोळ्याचा कारखाना निघाला. पण 'सैल आत, घट्ट उडताना' हा पेच सुटला नाही. तो गोळीकडून पितळेच्या पुंगळीकडे आला.

पुंगळी चेंबरमध्ये सहज सरकली पाहिजे. बार उडताना तिने फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटले पाहिजे, नाहीतर वायू मागे फुटेल. आणि लगेच आक्रसून सुटली पाहिजे, नाहीतर ती बाहेर निघणार नाही. हे तिसरे काम पितळेच्या स्थितिस्थापकतेवर चालते. कडक पितळ ताण गेल्यावर सुमारे ०.३५ टक्के मागे येते, मऊ केलेले जेमतेम ०.१ टक्का. बारा मिलिमीटर व्यासावर हे अंतर अनुक्रमे ०.०४ आणि ०.०१ मिलिमीटर होते. पुंगळी सुटते की अडकते, हे एवढ्यावर ठरते.

परवानाधारक नेमबाज काही देशांत वापरलेल्या पुंगळ्या पुन्हा भरतात. त्यांची नेहमीची तक्रार अशी: भरलेले काडतूस चेंबरमध्ये घट्ट बसते, खटका बंद होत नाही. फुगलेली पुंगळी पोलादी साच्यात दाबून लहान करतात, पण कडक पितळ साच्यातून निघताच पुन्हा थोडे फुगते. प्रत्येक फेरीत ते अधिक कडक होते. म्हणून साचा तोच असूनही चौथ्या-पाचव्या वेळी पुंगळी अडू शकते. दुसरे कारण अधिक गमतीचे आहे. पुंगळी साच्यात अर्धवटच शिरली, तर बाजूंनी दाबलेले पितळ टूथपेस्टसारखे पुढे सरकते. पुंगळी बारीक होते, पण तिचा खांदा पुढे येऊन चेंबरला टेकतो. मापून पाहणारा व्यास मोजत बसतो. चूक असते लांबीत.

मग अडते कुठे, हे ओळखायचे कसे? रिकामी, दारू-गोळी नसलेली पुंगळी शाईने काळी करून चेंबरमध्ये घालतात आणि काढतात. शाई जिथे पुसली गेली, तिथे ती घासते. दंतवैद्य नवी कवळी बसवताना रंगीत कागद चावायला देतात, तीच ही युक्ती. खटका जोराने दामटणे मात्र घातक. पुंगळीचे तोंड लांबल्यामुळे ती अडत असेल, तर तोंड गोळीभोवती चिमटले जाते आणि बार उडताना दाब भलताच वाढतो. तापवून मऊ करायची तीही फक्त मान. बूड मऊ झाले तर पुंगळी फुटते.

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतुसे बनवता येत नाहीत आणि वर्गात त्यांचे कामही नाही. त्यामागचे तत्त्व मात्र पेन्सिल आणि तारेने दाखवता येते. हार्डवेअरच्या दुकानातून मिलिमीटरभर जाडीची कडक पितळी तार आणा. पेन्सिलीभोवती पाच-सहा वेढे घट्ट गुंडाळून सोडून द्या. वेटोळे थोडे उलगडते आणि पेन्सिलीवरून सैल घसरते. आता त्याच तारेचा दुसरा तुकडा चिमट्यात धरून शिक्षकांनी स्वतः ज्योतीत मंद लाल होईपर्यंत तापवावा, पूर्ण थंड होऊ द्यावा आणि तसाच गुंडाळावा. हे वेटोळे पेन्सिलीला धरून बसते. पहिली तार हाताळून कडक झाली की मऊ, हे न सांगता दोन्ही वेटोळी मुलांच्या हाती द्या आणि कोणते कोणत्या तारेचे ते ओळखायला सांगा.